पालखी वगळून

शिमग्याचा ढोल कानावर आला की माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. हे कुणाला सांगायची सोय नाही. आमच्या रत्नागिरीकडे शिमगा आवडत नाही म्हणणाऱ्याला लोक एकतर वेडा समजतील नाहीतर ख्रिस्ताव झाला म्हणतील. मुंबईला गेलेला गडी एखाद्या गणपतीला चुकेल, पण शिमग्याला आगबोटीच्या डेकवर उभ्याने येईल आणि उतरल्या उतरल्या पालखीला खांदा द्यायला पळेल. माझे वडील आगबोटीवरच खलाशी. ते एडनला असले की शिमग्याच्या आठवणीने तिथून पत्र लिहीत. आणि मी, इथे गावापासून दीड तासाच्या चालीवर राहून, ढोल वाजला की कचेरीची खिडकी लावून घेतो.

परवा लावली, पण वास आत यायचा तो आलाच. या दिवसांत काजूची बोंडं झाडाखाली पडून आंबतात, त्यांचा तो गोड कुजका वास वाऱ्याबरोबर सगळ्या गावभर फिरतो. तेवढ्यात पट्टेवाल्याने टेबलावर कागद आणून ठेवला. मनाई हुकुमाचा मसुदा. खोतांच्या जुलमाविरुद्ध कुळं शहरात मोर्चा आणणार आहेत, तर अमुक तारखेपासून अमुक हद्दीत पाच अगर पाचांहून अधिक इसमांनी जमू नये, घोषणा देऊ नयेत, भाषणे करू नयेत. मी वाचत गेलो आणि तिसऱ्या ओळीला मला कळलं की हा मसुदा माझाच आहे. सहा वर्षांपूर्वीच्या फायलीतून कुणीतरी उतरवून घेतला होता. मिठाच्या सत्याग्रहाच्या जागी मोर्चा घातला होता, बाकी स्वल्पविरामसुद्धा माझे!

शी! मुंबईला आता आपले मंत्री बसलेत, खादी घालतात, त्यांतले कित्येक याच कलमाखाली तुरुंगात जाऊन आलेत. मला खुळ्याला वाटलं होतं की ते आल्यावर निदान हा कागद तरी चुलीत जाईल. कागद कुठला जातोय? माणसं जातात. कागद फडताळात राहतो.

बत्तीस सालचा तो शिमगा. मी चोवीस वर्षांचा, मॅट्रिक पास, कचेरीत नवा कारकून. अक्षर चांगलं म्हणून साहेब हुकूम मलाच लिहायला सांगत, आणि मी काय फुगायचो! त्या वर्षी सरकारला हुकमांचं पडसंच झालं होतं म्हणा ना. सकाळी एक, दुपारी एक. आणि प्रत्येकाची सुरुवात अशी गोड की वाचणाऱ्याला गहिवर यावा. शांततेने आपले म्हणणे मांडण्यास कोणासही प्रतिबंध नाही. वा रे वा! आणि मग खाली परंतु. परंतु पाच जणांनी मिळून नाही. परंतु रस्त्यावर नाही, बाजारात नाही, मिठाच्या नाक्याच्या शंभर यार्डांत नाही. परंतु मोठ्याने नाही. म्हणजे एकट्या माणसाने आपल्या न्हाणीघरात बसून, हळू आवाजात, सरकारचा निषेध करायला सरकारची मुळीच ना नव्हती. हे मला आज दिसतं. तेव्हा मी फक्त ओळी सरळ येतात की नाही ते बघत होतो.

त्या मसुद्यात एक गोष्ट मात्र मी माझ्या अकलेने घातली. शिमगा तोंडावर आलेला, गावोगावच्या पालख्या निघणार, ढोलामागे शंभर-दोनशे माणूस असणार. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, पालखी अडली तर उगाच बोभाटा होईल." साहेब म्हणाले, "मग घाल एक ओळ." मी घातली. देवाची पालखी, लग्नाची वरात व प्रेतयात्रा वगळून. त्या ओळीचा मला इतका अभिमान वाटला की रविवारी गावी गेलो तो आधी भिकूतात्यांच्या खळ्यात जाऊन उभा राहिलो.

भिकूतात्या आमच्या गावचे मानकरी. गावकीत प्रत्येकाचा मान ठरलेला; तात्यांच्या घराण्याचा मान गाऱ्हाण्याचा. पालखी दारात आली की घरच्या माणसाने नारळ पुढे करून तात्यांच्या कानात आपली अडचण सांगायची, आणि तात्यांनी ती खड्या आवाजात देवापुढे मांडायची. प्रत्येक वाक्याला मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. सगळ्यांनी. ज्याचं त्या घराशी वैर आहे त्यानेसुद्धा. अंगावरचं पोरदेखील बोलायला शिकतं ते "आये" आणि त्याच्या मागोमाग "व्हय म्हाराजा". तो शब्द आम्ही विचार करून म्हणत नाही. ठेच लागली की "आई गं" येतं तसा तो येतो.

तात्या खळ्यात बसून काथ्याची दोरी वळत होते. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आवाज असा की खाडीपलीकडचा माणूस वळून बघेल.

"तात्या, पालखीला भय नाही. मी हुकमात कलमच घातलंय," मी म्हणालो.

"आनि गाऱ्हान्याला रं?"

"अहो, पालखी म्हटली की गाऱ्हाणं आलंच की त्यात!"

तात्यांनी दोरी बाजूला ठेवली. "नक्की ना? तू शिकलेला. मला काय कागदातलं कळत न्हाय. तू सांगशील तसं."

"नक्की," मी म्हणालो. एवढं बोलून मी त्यांच्याकडचं कोकम सरबतही प्यायलो. त्याची चव आठवते, म्हणून हे लिहिताना जीभ नकोशी होते.

तात्यांनी गाऱ्हाण्याचं का विचारलं ते मला कळायला हवं होतं. गावाला ठाऊक होतं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांची सून काठाच्या खडकांतल्या खळग्यांमधून खरवडून टोपलीभर मीठ घेऊन येत होती. आदल्या साली सरकारनेच काठच्या गावांना घरच्यापुरतं मीठ उचलायची मुभा दिली होती; तशी दवंडीही पिटली गेली होती. पण मिठाच्या नाक्यावरच्या जमादाराला ती मुभा त्या दिवशी आठवली नाही. त्याने बुटाच्या टोकाने टोपली उलटी केली. मीठ चिखलात गेलं. पोर रिकामी टोपली घेऊन घरी आली आणि आमटी अळणी केली. तात्यांनी जेवताना विचारलं तेव्हा तिने सांगितलं.

आता गंमत बघा. आमची पालखी वर्षानुवर्षं खाडीच्या काठच्या एका धोंड्यावर टेकते. देव तिथे विसावा घेतो, गाऱ्हाणं होतं, मग पुढची वाडी. नाका त्या धोंड्याशेजारी अलीकडे वीस वर्षांत आला. म्हणजे देव नाक्याकडे गेला नव्हता, नाकाच देवाच्या वाटेत येऊन बसला होता. पण हे कचेरीत कोण ऐकणार? फौजदारांना वास लागला होता. ते घाटावरचे, नवे बदलून आलेले. त्यांनी सहा शिपाई घेतले, आणि काय बोललं जातं ते टिपायला एक कारकून मागितला. साहेबांनी मला धाडलं. गाव माझंच, बोली माझीच. याहून सोयीचा कोण मिळणार?

टळटळीत दुपार होती. ओहोटी लागलेली, चिखलावर मिठाची पांढरी साय धरलेली, आणि वरून ढोल. मी फौजदारांच्या मागे वही घेऊन उभा. आमच्यामागे शिपाई, सगळे इकडचेच, गणू शिपाई तर पलीकडच्या गावचा. पालखी नाचत आली, धोंड्यावर बसली. ढोल थांबला. तात्या पुढे झाले. त्यांनी मला बघितलं आणि ओळखीचं हसलेसुद्धा. त्यांना वाटलं असेल, आपला माणूस आहे, कलम घालणारा.

"हे बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज वरसाच्या रितीपरमानं तुजी पालखी ह्या धोंड्यावर बसली हाय..."

"व्हय म्हाराजा!"

"दर्यात गेलेल्यावर, मुंबईस गेलेल्यावर, गुरावासरावर नजर ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

मी टिपत होतो. हे सगळं दरसालचंच. मग तात्यांनी श्वास घेतला.

"आनि देवा, ह्या खाडीचं मीठ तूच केलंस. ता आमी जेवनापुरतं उचललं. ज्यानं ता चिखलात वतलं त्याला बुद्धी दे, म्हाराजा! आनि त्याला बुद्धी येत नसंल तर आमाला हयसर रोज येवन बसायचं बळ दे! कुनावर हात न उचलता बसायचं बळ दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि तो आवाज समोरून आला तसाच मागूनही आला. सहाच्या सहा शिपायांनी लाठ्या काखेत मारून हात जोडले होते. आणि मधोमध, फौजदारांच्या कानापासून हातभरावर, वहीत पेन्सिल टेकवून, मीही म्हणालो होतो. चांगलं मोठ्याने. माझ्या तोंडून बाहेर पडल्यावर मला कळलं.

फौजदार गर्रकन वळले. असा चेहरा मी परत पाहिला नाही. दोनशे माणसं समोरून ओरडली त्याचं त्यांना काही वाटलं नसतं. पाठीमागून आलेल्या सात आवाजांनी त्यांचा तोल गेला. त्यांनी तिथल्या तिथे तात्यांना धरलं. पालखी धोंड्यावर, देव तसाच उन्हात, आणि गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या हातात बेडी. कुणी दगड उचलला नाही. तात्या जाता जाता एवढंच म्हणाले, "पालखी उचला रं. देवाला ऊन लागतंय."

संध्याकाळी कचेरीत फौजदारांनी एकेकाला विचारलं. गणू शिपाई सरळ म्हणाला, "सायब, गाऱ्हानं व्हतं. तोंडातनं आलं. येतंच ता." मग माझी पाळी.

"तुम्हीही ओरडलात का हो?"

"मी? छे! मी लिहीत होतो, साहेब."

इतकं सहज आलं ते. "व्हय म्हाराजा"पेक्षाही सहज.

महिन्याभराने खटला उभा राहिला. मुद्दा काय, तर गाऱ्हाणं हा धर्मविधी की भाषण? विधी असेल तर हुकुमातून वगळलेला, भाषण असेल तर गुन्हा. आणि "व्हय म्हाराजा" हा मंत्र की घोषणा? हसू नका, दोन शिकलेली माणसं काळे डगले घालून या प्रश्नावर एक अख्खी सकाळ गंभीर चेहऱ्याने बोलत होती. वास्तविक त्याचं उत्तर एका वाक्यात होतं आणि ते वाक्य एका माणसाजवळ होतं. सरकारचा कारकून, सरकारच्या कामावर, सरकारच्या बाजूने उभा असताना त्याच्याही तोंडून जे आपसूक येतं, ते घोषणा कसं असेल? मी एवढं म्हणालो असतो की साहेब, मीसुद्धा म्हणालो, तर खटला तिथेच ढासळला असता. निदान ढासळायला लागला असता.

मला विचारलं, "हुकुमाचा मसुदा तुम्ही केला?"

"होय."

"पालखी वगळली आहे. तीत गाऱ्हाण्याचा समावेश होतो काय?"

मी कागदाकडे बघितलं. तात्यांकडे नाही. म्हणालो, "हुकुमात तसा उल्लेख नाही."

खोटं नव्हतं हो! अक्षर न् अक्षर खरं होतं. याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते. फौजदारांशी खोटं बोललो ते भीतीने, ते एखादवेळ मी स्वतःला माफ करीन. पण हे खरं बोलणं! खऱ्याने इतकी घाण करता येते हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर चांगल्या भाषेत लिहिलेला कुठलाही हुकूम मला शिवावासा वाटत नाही. शिवतो रोजच, ते वेगळं.

"शेवटी जमलेल्या इसमांनी एकमुखाने संमती दर्शवली?"

"जमावाने दर्शवली."

तात्यांना वकील नव्हता. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचं आहे का? तात्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी टाय बांधायला नुकताच शिकलो होतो, तो गळ्याला काचत होता. माझ्या समोर, चार हातांवर उभं राहून त्यांनी त्या दुपारी माझा आवाज ऐकला होता. गाऱ्हाणं घालणाऱ्याला कळतं कोण म्हणालं, कोण नाही. तोच तर त्याचा धंदा. मी वाट बघत राहिलो. खरं सांगू? मला वाटत होतं त्यांनी विचारावं. विचारलं असतं तर मला हो म्हणावं लागलं असतं.

"इचारायचं काय त्याला?" तात्या म्हणाले. "पोराची नोकरी हाय."

कोर्टाच्या कारकुनाने लिहिलं: उलटतपासणी नाही. तात्यांना तीन महिने सक्तमजुरी झाली. आणि गणू शिपाई, ज्याने सरळ कबूल केलं, त्याचं काय झालं असेल? त्याची चिपळूणला बदली झाली. बस्, एवढंच! वाशिष्ठीच्या काठी मजेत आहे, दोन मुलं शाळेत घातलीत. मी ज्याला इतका भ्यालो ते हे होतं.

तात्या आषाढात सुटून आले तेव्हा लावणी निम्मी उरकली होती. त्यांचा वाटा वाडीतल्या लोकांनी लावून ठेवला होता. आवाज मात्र कुणी ठेवू शकलं नाही. तुरुंगात दगड फोडताना धूळ छातीत बसली, खोकला झाला, आणि घशात काहीतरी फाटलं ते फाटलंच. पुढच्या शिमग्याला पालखी फिरली तेव्हा मागच्या रांगेतल्यांना तात्यांचं बोलणं ऐकूच येईना. ते पुढच्यांचे ओठ बघून "व्हय म्हाराजा" म्हणत होते.

ती पालखी आमच्या दारात आली. वडील नेहमीप्रमाणे दर्यात. नारळ मलाच द्यावा लागला. मी तो दोन्ही हातांनी पुढे केला. कानात सांगायचं काय? तेवढ्यात आये दारातून म्हणाली, "तात्यानूं, ह्याच्या बढतीचं सांगा हो. साहेबाच्या मनात हाय म्हनं."

माझी मान वर होईना. आणि तात्या, तीन महिने दगड फोडून आलेला तो माणूस, त्या फाटक्या आवाजात देवापुढे उभा राहिला. "हे बा देवा म्हाराजा, ह्या घरच्या लेकराची सरकारातली नोकरी संभाळ, त्याला वर चढव, त्याचं नाव कर, म्हाराजा!" कुचेष्टा नव्हती, टोमणा नव्हता. मानाप्रमाणे जसं घालायचं तसं घातलं. सगळी वाडी म्हणाली, "व्हय म्हाराजा!" तात्यांची सूनसुद्धा, पदर सावरून, स्पष्ट म्हणाली.

बढती जूनमध्ये आली.

असे पाच शिमगे गेले. दरसाल आये बढती मागते, दरसाल तात्या घालतात, आणि देवही असा निर्लज्ज की देत जातो. आज मी अव्वल कारकून आहे. परवाचा तो मसुदा सहीसाठी पुढे पाठवायचा की नाही हे मी ठरवत नाही, पण तो नीट करायचं काम माझं. मी पेन घेऊन बसलो. "पालखी वगळून" ही ओळ होती तिथेच होती. मी तिच्यापुढे लिहिलं, "व तीत होणारे गाऱ्हाणे". मला वाटलं, चला, एवढं तरी केलं. दुपारी कागद परत आला. साहेबांनी माझे शब्द लाल शाईने खोडले होते आणि त्यांच्याबरोबर अख्खी पालखीच खोडली होती. बाजूला शेरा: बत्तीस सालचा अनुभव पाहता वगळणूक नको. नव्या साहेबांना कुठून कळला असेल बत्तीस सालचा अनुभव? माझीच साक्ष फायलीत जोडलेली आहे. मी त्या मसुद्याची स्वच्छ प्रत केली, नेहमीच्या वळणदार अक्षरात, आणि धाडून दिली.

काल पालखी दारात आली. आमचं गाव त्या हद्दीत नाही म्हणून आली. मी ठरवूनच उभा होतो. नारळ पुढे केला, तात्यांच्या कानाशी वाकलो आणि आयेने तोंड उघडायच्या आत म्हणालो, "तात्या, आज एकच घाला. त्या दुपारी मीही व्हय म्हणालो होतो, आणि साक्षीत सांगितलं नाही. माझं नाव घेऊन घाला. सगळ्यांना ऐकू दे."

तात्यांचे डोळे आता पांढुरके झालेत. ते नारळ हाती घेऊन माझ्याकडे वळले. मग खोकले.

"ता आमी तवाच आयकलं रं सगळ्यांनी," ते म्हणाले. "देवानंपन. त्यात नवीन काय? दुसरं काय हवं ता बोल, पालखी खोळंबलीय."

खांदेकरी घामाने निथळत उभे होते, ढोलवाला काठी वर धरून थांबला होता. तात्यांनी क्षणभर वाट बघितली आणि मग नेहमीचं घातलं. घर, गुरं, दर्यावरचा बाप, आणि लेकराची नोकरी. "...ती अशीच टिकव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

आणि माझं मेलं तोंड, त्यांच्याबरोबर, आपसूक उघडलं.